आखूड पायांची दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. गळ्यात अडकवतात ती दोन डोळ्यांची नव्हे. मी एका डोळ्याची, लांब नळीची, तीन पायांच्या स्टँडवर ठाण मांडून बसणारी. स्वभावानं हट्टी. आणि माझी मालकीण माझ्याहून हट्टी.

जन्म माझा नागोयाजवळच्या एका कारखान्यातला, पण संसार केला आयर्लंडमध्ये. तिथे ओर्ला नावाच्या उंचच उंच बाईनं मला घेतलं. ती निसर्ग अभ्यासक. रेडिओवर पक्ष्यांविषयी, दलदलींविषयी इतकं रंगून बोलायची, की ऐकणाऱ्यांचं गॅसवरचं दूध उतू जायचं. माझा स्टँड तिच्याच उंचीला बेतलेला. भिजक्या किनाऱ्यांवर आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं काढली.

२०११च्या भूकंपात जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरची जमीन खचली आणि भातशेतांत समुद्र शिरला. तिथे आता खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल, तयार होतंय, पक्षी उतरतायत, असं ओर्लानं वाचलं आणि मला पाठीवर टाकून निघाली. अशी मी माहेरी आले.

पण तिथल्या गावात भराव घालून ती शेतं बुजवायचं ठरत आलं होतं. शेतमालकांची संमती तेवढी बाकी होती. ओर्लाला खाजण वाचवायचं होतं. "भाषणं नकोत. त्यांना एकदा दिसू दे," ती म्हणायची.

दर रविवारी ती मला किनाऱ्यावर उभी करी. तात्पुरत्या घरांत राहणारे गावकरी येत, बहुतेक म्हातारे. माझ्या डोळ्याला डोळा लावत, "किरेई देसु ने!" म्हणजे किती सुंदर, असं म्हणत, कमरेत वाकत आणि निघून जात. ओर्ला खूश. मी मात्र आतल्या आत चरफडत होते. कारण त्यांतल्या एकालाही काही दिसलेलं नव्हतं!

ओर्लाची दुभाषी होती जयंती. मूळची पुण्याची, सेंदाईच्या विद्यापीठात खेकड्यांवर संशोधन करणारी, उंचीनं गावातल्या आज्यांएवढीच. बोलण्याच्या गडबडीत तिनं स्वतः कधी माझ्यातून पाहिलंच नव्हतं. एका रविवारी ती टाचा उंचावून उभी राहिली. तरी डोळा पुरेना, म्हणून तिनं माझी मागची बाजू खाली ओढली. साहजिकच माझं तोंड वर गेलं.

"अगं बाई! यात तर नुसतं आभाळ आहे!" ती मराठीतच ओरडली. मग इंग्रजीत म्हणाली, "ओर्ला, इतके दिवस तू सगळ्यांना आभाळ दाखवतेयस."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तू एवढ्या लांबून आलीस. तुला वाईट वाटलं असतं ना!"

ओर्ला लालबुंद झाली. क्षणभर वाटलं, आता ही गाशा गुंडाळते. पण तिनं खाली बसून माझे तिन्ही पाय आखूड केले. दुसऱ्या दिवशी दारोदार जाऊन, वाकून माफी मागितली आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं.

पुढच्या रविवारी ओनोदेरा-सान नावाचे एक म्हातारे शेतकरी आले. त्यांचा भाऊ भूकंपानंतरच्या त्सुनामीच्या लाटेत गेला होता. तेव्हापासून त्यांनी समुद्राकडे पाहिलं नव्हतं. ते माझ्यापाशी आले, डोळा लावला आणि हललेच नाहीत. किरेई नाही की काही नाही. मला त्यांच्या पापणीचं थरथरणं जाणवत होतं.

"तो आमचा बांध," अखेर ते म्हणाले. "मी आणि भावानं घातलेला."

बांधावर चिखल्या पक्ष्यांची रांग होती. खालच्या चिखलात आणखी कितीतरी पक्षी चोची खुपसून, मान वर न करता वेचत होते.

"आमच्या शेतात अजून कोणीतरी राबतंय," ते म्हणाले. जयंतीनं ते ओर्लाला सांगितलं.

गावसभेत ओनोदेरा-सान उभे राहिले. "माझा तुकडा भरू नका," एवढंच बोलले. मग आणखी काही हात वर झाले. सगळेच नाही झाले. अर्धं खाजण बुजलं, अर्धं राहिलं. उरलेल्या अर्ध्यासाठी ओर्ला अजून भांडते आहे.

आज मी त्याच किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोपटात असते. भिंगाला बुरशी धरलीय, एक पाय तारेनं बांधलाय. शाळेतली पोरं येतात, आज्या येतात, कोणीही येतं. तुम्हीही या. फक्त एक विनंती आहे, माझे पाय लांब करू नका.

ओर्लासुद्धा करत नाही. पक्षी पाहायचे असले, की ती एवढी उंच बाई चिखलात गुडघे टेकते.