तीन वह्यांतले शून्य

फुलचंदने गायीच्या सडांवरून पुन्हा एकदा भिंग फिरवले. गायीने पाय झाडला.

"तपासून राह्यला का लगन जमवून राह्यला तिचं?" गायीची मालकीण हिरीबाई म्हणाली. तिच्यामागे उभा असलेला पुंजाजी कोतवाल हसला.

फुलचंदही हसला. तो गेल्याच वर्षी, १९५४ मध्ये, बी.एस्सी. झाला होता आणि आरोग्य खात्यातले हे त्याचे पहिलेच काम होते. कोणत्या गावात देवीची लस टोचली, कोणत्या गावात नाही आणि कुठे किती माणसे दगावली, याचा अहवाल अकोल्याला पाठवायचा होता. जऊळक्याजवळच्या या तांड्यात एकालाही लस टोचलेली नव्हती, तरी मृत्यूंच्या रकान्यात शून्य होते. कोतवालाच्या वहीत शून्य, पोलीस ठाण्याच्या वहीत शून्य, तहसिलीच्या वहीतही शून्य. तीन ठिकाणी एकच आकडा मिळाला तर तो धरून चालायचे, असे तो शिकला होता. गायीच्या सडावरच्या फोडांची लागण झालेल्या माणसाला देवी येत नाहीत, हेही त्याने वाचले होते. आणि हे लोक तर पिढ्यान्‌पिढ्या गुरांत वाढलेले. अहवालाचा शेवट त्याने कालच लिहून ठेवला होता. या तांड्याला लशीची निकड नाही, येथील लस इतर गावांस द्यावी.

ही नववी गाय. फोड एकीलाही नव्हते.

तो हात धुवायला नाल्याकडे उतरला. काठावर मातीचे उंचवटे ओळीने होते, प्रत्येकावर दगड रचलेले. एकही दोन हातांपेक्षा लांब नव्हता. काहींची माती अजून भुसभुशीत होती.

"पुंजाजी, हे काय आहे?"

पुंजाजीने वही एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली.

"मी दर पंधरवड्याले येतो, साहेब. कोनी मेलं काय म्हनून इचारतो. सगळे बरे हायेत म्हन्तात. तेच लिवतो."

"आणि ठाण्यात?"

"थे माह्या वहीवरून उतरवतात. तहसीलवाले ठान्यावरून."

फुलचंदचे ओले हात तसेच राहिले.

"तुम्हाला हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं ना. पन घरच्यायनं सांगितल्याबिगर कोनाले मेला कसं लिवू?"

हिरीबाई मागून आली होती.

"त्याच्यावर कायले तापतं, बापू? देवीनं नेलेल्या लेकराले आमी वर्षभर मेलं म्हनत नाई. रडत बी नाई. तिनं ऐकलं तं दुसऱ्या घरात शिरते."

फुलचंदने अहवालात काय लिहिले आहे ते तिला सांगितले. तो तसाच गेला तर टोचणारा इकडे फिरकणार नाही. बदलायचा तर वरचे साहेब दगावलेल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि महिना मागतील.

हिरीबाईने आपल्या झोपडीकडे पाहिले. दारावर कडुनिंबाचा डहाळा खोचलेला होता.

"माहा नातू निजला हाय आत," ती म्हणाली. "चार दिस झाले. फोडायनं आंग भरून आलं त्याचं. देवी आतच हाय, ऐकन."

तासभर फुलचंद त्याच दारासमोर गायी तपासत होता.

"बाकीच्या लेकरायले टोचसान?"

"नावं मिळाली तर परवा माणूस घेऊन येतो."

ती नाला ओलांडून पलीकडे गेली, झोपडी दिसेनाशी होईपर्यंत चालली आणि पळसाखाली बसली. फुलचंद आणि पुंजाजी तिच्यामागोमाग गेले. फुलचंदने आपल्या वहीच्या कोऱ्या पानावर ओळी आखल्या. ती इतक्या हळू बोलू लागली की त्याला वाकावे लागले.

"लखीरामचा बाबूसिंग. चार वर्साचा. पोळ्याच्या महिन्यात. सुंदरबाईची धाकली. तिचं नाव ठेवलंच नोतं."

पुंजाजीने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

अकरा जण झाले. पानावर ओळी बारा होत्या. हिरीबाईला वाचता येत नव्हते, पण रिकामी राहिलेली ओळ तिला दिसली. तिने तिच्यावर तळहात ठेवला.

फुलचंदने वही ओढली नाही.