चार नंबर वॉर्डातलं पिवळं पाणी

भेटीची वेळ होती आणि सोलापुरातल्या त्या हॉस्पिटलच्या चार नंबर वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. मैंदर्गीकडचा मांत्रिक चनबसप्पा कावीळ उतरवत होता. त्याने एका पेशंटचे हात खसाखसा चोळले, वरून चुन्याचं पाणी ओतलं आणि खालच्या परातीत पाणी पिवळंधमक!

"बगा की! डॉक्टर महिना लावतंय, आपलं काम पाच मिन्टात!"

पुढचा नंबर पिंकीचा. सातवा महिना, डोळे हळदीसारखे. सासू रंभाबाईंनी पिशवी भरूनच ठेवली होती.

"पाणी पिवळं झालं की सुनेला घरी नेणार, सिस्टर."

गरोदरपणातली कावीळ आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते, हे सांगून वैजयंती सिस्टरचा घसा बसला होता. पण चनबसप्पा बाटलीतलं काहीतरी स्वतःच्या तळहाताला लावत होता, ते तिने पाहिलं होतं.

दर सोमवारी हॉस्पिटलात नव्या सूचनांचा कागद येई. सगळे न वाचताच सही ठोकत. वैजयंती तेवढी वाचायची, म्हणून तिला 'परिपत्रकबाई' म्हणत.

"उतरवा की महाराज," ती गोड आवाजात म्हणाली. "फक्त नवीन नियम आलाय. पेशंटला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. मोठ्या डॉक्टरांनाही माफी नाही."

"मंतरलेलं हात हायत, बाई! साबणानं मंत्र जातोय."

"मंत्र साबणाला भितो व्हय?" रंभाबाईच म्हणाल्या. "धुवा की वो!"

सिस्टर बेसिनपाशी उभी राहिली. त्याचे हात नखांसकट धुऊन घेतले. मग चनबसप्पाने पिंकीचे हात चोळले, पाणी ओतलं. काही नाही. मंत्र वाढवला, पुन्हा ओतलं. पाणी होतं तसंच.

"हिला कावीळच न्हाय!"

"मग माझं डोळं पिवळं कशानं?" पिंकीने विचारलं, आणि वॉर्ड हसला.

वैजयंतीने त्याची बाटली उचलून त्यातलं थोडं स्वतःच्या हातांना लावलं, वर चुन्याचं पाणी ओतलं. पिवळंधमक!

"मला कुठं कावीळ आहे? काय आहे हे?"

"आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस," चनबसप्पा पुटपुटला. "चुना लागला की पिवळा व्हतोय." परात काखेत मारून तो जिन्याकडे पळाला.

रंभाबाईंनी पिशवीतली लुगडी परत कपाटात ठेवली. "सिस्टर, रक्ताची तपासणी कधी हाय?"

"आत्ताच," वैजयंती म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तिने रंभाबाईंना मिठीच मारली.

कावीळ हातातून उतरत नाही. ती रक्तात दिसते आणि तिच्यावर लक्ष डॉक्टरांनीच ठेवायचं असतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवायला आला, तर वाद घालू नका. त्याला आधी साबणाने हात धुवायला सांगा.