कोंडलेले साहेब

सेलूच्या गॅस एजन्सीत साकेत मॅनेजर झाला, तेव्हा मालक हेमराज शेठनं त्याला नागपूरला नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. गर्दी अंगावर आली की शांत कोपरा गाठायचा आणि दीर्घ श्वास घ्यायचा, एवढंच साकेतच्या ध्यानात राहिलं. बाकी, जेवण फार चांगलं होतं.

त्या दिवशी सिलिंडरचा ट्रक बुटीबोरीजवळ बंद पडला. हे साकेतला सकाळीच कळलं होतं, तरी विचारेल त्याला तो "अर्ध्या तासात येतोच आहे" असं हसून सांगत राहिला. दुपारपर्यंत काउंटरपुढं ही गर्दी! सर्वांत पुढं सुमित्राबाई. घरी मुलीला बघायला पाहुणे यायचे होते.

"मॅनेजर हाय का पुतळा? सकाळपासून तेच सांगून राह्यला!"

साकेतला प्रशिक्षणातला शांत कोपरा आठवला. काउंटरवरच्या सपनाला "स्टॉक बघून येतो" म्हणून तो मागच्या खोलीत शिरला, दाराला आतून कडी लावली आणि एका भरलेल्या सिलिंडरवर बसून डोळे मिटले. अशा दोन टाक्या त्यानं शेठच्या व्याह्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. चार श्वास घेऊन उठला, तर कडी निघेना. ओढली, ठोकली, विनवली. नेता कोंडला गेला होता, तोही स्वतःच्या हातानं.

बाहेरून सपनाचा आवाज आला, "सर, लोक चिडले. काय सांगू?"

"सांग, साहेब स्टॉक मोजताहेत."

"सर, तुम्ही कडी वाजवून राह्यले, सगळ्यांले ऐकू येते."

आता काय झाकायचं? घामाघूम साकेतची शुद्ध मराठी पार गळून पडली.

"सपनाताई, दार अडकलं वो! मले घाबरल्यासारखं झालं, म्हणून श्वास घ्यायले आलतो. ट्रक आज येत नाई. मी सकाळपासून खोटं बोलून राह्यलो."

 बाहेर हशा असा उसळला की पत्रे हलले म्हणावं. सुमित्राबाईच पहिल्या हसल्या.

"अरे बापा, मंग सांगाचं ना! आमी काय खातो तुले? तानबाभाऊ, पाना आना."

रांगेतले तानबाभाऊ ट्रॅक्टरमधून पाना घेऊन आले आणि बाहेरून दार उचकटू लागले. साकेत आतूनच बोलला, "इथं दोन टाक्या हायेत. आज कोणाचं खरंच अडलं?"

बराच कल्ला झाला. शेवटी एक टाकी सुमित्राबाईंना आणि दुसरी घरी बाळंतीण असलेल्या लहानूला द्यायची ठरली. बाकीचे कुरकुरत, पण हसत घरी गेले. दार उघडलं तेव्हा साकेतचा शर्ट धुळीनं माखला होता आणि ऐट म्हणाल तर काहीच उरली नव्हती.

संध्याकाळी शेठचा फोन आला.

"व्याह्याच्या टाक्या कुठी गेल्या?"

 ट्रकमध्ये आहेत, असं सांगायचा मोह अगदी जिभेवर आला. "दिल्या, शेठ. मीच दिल्या."

शेठ जे बोलले ते इथं लिहिण्याजोगं नाही. पुढं आठवडाभर तर ते बोललेच नाहीत. सेलूच्या बाजारात अजूनही कोणी दुसऱ्याला दाखवतं, "हेच ते, कोंडलेले साहेब." साकेत हात जोडतो आणि भाजी घेतो.