मिलुटिनच्या नाचातले चौकोन

चौथ्या मिनिटाला मिलुटिनचा चेहरा पुन्हा फुटला. आधी कपाळावर हिरवी पट्टी आली, मग गाल चौकोन चौकोन होऊन सरकले, आणि त्याचा फोटो छातीशी धरून नाचणारी त्याची वहिनी कमरेपासून वर नाहीशीच झाली. पाय तेवढे नाचत राहिले. सात सेकंदांनी सगळं जागच्या जागी आलं, जसं काही झालंच नव्हतं.

"आता आणखी काय पाहिजे तुला?" त्राइलो कम्प्युटरला म्हणाला. चष्मा काढून त्याने शर्टाच्या टोकाने पुसला. सकाळपासूनची ही पाचवी वेळ होती आणि पाचही वेळा चष्म्याचा काही दोष नव्हता.

नेगोतिन या छोट्या शहराच्या बसस्थानकामागे, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्राइलोची खोली. तीस वर्षं हा माणूस आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी आणि पोमाना यांच्या फिल्मा करतोय. पोमाना म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने घातलेलं जेवण. या फिल्मा बघणारी माणसं व्हिएन्नात नाहीतर झुरिकमध्ये कामाला असतात, आणि त्यांना कापाकापी अजिबात चालत नाही. प्रत्येक पाहुणा दिसला पाहिजे, प्रत्येक ताट दिसलं पाहिजे. एकदा त्राइलोने हौसेने दहा मिनिटं उडवली, तर एका म्हातारीने वर्षभर त्याच्याशी अबोला धरला, कारण त्या दहा मिनिटांत ती होती.

मिलुटिनच्या वर्षाच्या पोमानाची फिल्म सहा तास चाळीस मिनिटांची होती. बाकीची सगळी तयार होऊन पेनड्राइव्हवर गेली होती. अडला होता तो फक्त नाच, अकरा मिनिटांचा. आणि सगळा जीव त्या अकरा मिनिटांतच होता. वर्ष झालं की आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने नाच देतात. वाजंत्रीवाल्यांपुढे त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, घरचं कुणीतरी हातात फोटो आणि मेणबत्ती घेऊन पुढे व्हायचं, मागे साखळी धरायची. नाव घेतलं की नाच त्याला पोचतो. मग तिकडे त्यालाही नाचता येतं आणि इकडे घरच्यांचे काळे कपडे उतरतात.

मिलुटिन व्हिएन्नात परांचीवरून पडून गेला होता. त्याची आई द्रागिन्या तिथेच राहते. पोमानाच्या दहा दिवस आधी ती जिन्यात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि गावातला नाच तिच्याशिवाय झाला. आता रविवारी चार शेजारणींना बोलावून ती तो बघणार होती. तोवर काळं उतरवणार नाही असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. व्हिएन्नाला जाणारी मिओद्रागची मिनीबस आज दुपारी दोनला चौकातून सुटणार होती. आत्ता पावणेबारा झाले होते.

तेवढ्यात तिचाच फोन.

"त्राइलो, झालं का रे बाबा?"

"झालंच मावशी. शेवटचा हात फिरवतोय."

"माझा पोरगा नीट दिसतो ना? मी तिथे नव्हते, मला काहीच माहीत नाही. सून म्हणते छान झालं. ती काय, सगळंच छान म्हणते."

"दिसतो की. स्पष्ट दिसतो."

फोन ठेवल्यावर त्राइलोला स्वतःचीच लाज वाटली. सत्तर वर्षांच्या बाईला पोराचा चेहरा म्हणून हिरवे चौकोन पाठवायचे?

बरं, करायचं म्हणजे करायचं तरी काय? सगळे तुकडे, आवाज, नावांच्या पाट्या एकत्र शिजवून सलग फिल्म बाहेर काढतात, त्याला रेंडर म्हणतात. कच्चं सगळं चांगलं होतं. कॅमेऱ्यातलं मूळ चित्र साफ होतं. एडिटिंगच्या पडद्यावर साफ होतं. रेंडर केलं की चौकोन. त्याने कम्प्युटर बंद करून चालू केला. साठलेल्या तात्पुरत्या फायली पुसल्या. क्लिप दुसऱ्या प्रकारात बदलून आणली. तरी चौकोन. मग ग्राफिक्स कार्डाची मदत काढून घेतली, म्हटलं बघू कम्प्युटर एकट्याने काय करतो. तर त्याच जागी यंत्र थांबलं आणि पाटी आली : मेमरी अपुरी. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला हे यंत्राने सांगावं, कमाल आहे.

मग त्याने ते सात सेकंद तेवढे उचलून नव्या, कोऱ्या प्रोजेक्टमध्ये टाकले. रेंडर केलं. लख्ख आलं. पुन्हा जुन्या जागी रेंडर केलं, फुटलं. आता मात्र त्राइलोचं डोकं चालेना. तोच तुकडा, तेच यंत्र, तोच माणूस. मिलुटिनलाच नाच नको असेल का? असा विचार आला आणि तो स्वतःवरच चिडला. असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता. पण हात मात्र खिशातल्या सिगारेटींकडे गेला.

शेवटी त्याने बोर गावच्या स्रेतेनला फोन लावला. स्रेतेनही हाच धंदा करतो, आणि मदत करण्याआधी टोमणा मारल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"काय रे, आज तुला माझी आठवण? कम्प्युटर मेला वाटतं."

"चौकोन येतायत." त्राइलोने सगळं सांगितलं.

"नव्यात साफ, जुन्यात घाण. मग घाण क्लिपमध्ये नाहीच ना, गाढवा. क्लिपच्या वर काय ठेवलंयस?"

"वरच्या थरात नावाची पाटी. ती पर्सिदा करते."

"त्याच्या वर?"

"त्याच्या वर काही नाही."

"बघून सांगतोयस की बायकोवर विश्वास म्हणून?"

त्राइलोच्या पडद्यावर एका वेळी तीनच थर दिसायचे आणि तीस वर्षांत त्याला तीनच्या वर कधी लागले नव्हते. त्याने बाजूची पट्टी वर सरकवली. चौथा रिकामा, पाचवा रिकामा, सहावा, सातवा. थेट नवव्या थरावर सात सेकंदांचा एक तुकडा होता. फोटो. दिसण्याचं प्रमाण शंभरात दोन.

"सापडलं," तो म्हणाला आणि स्रेतेन पुढे काय विचारतोय ते न ऐकता फोन ठेवला.

त्याने दोनाचे शंभर केले. पडद्यावर नाचणाऱ्यांची साखळी होती. वळताना ती एका ठिकाणी सुटत होती, दोन माणसांच्या मध्ये एकाची जागा रिकामी होत होती. बरोब्बर त्या जागेत, अंगठ्याएवढा, त्राइलोचा मुलगा वोयकान उभा होता.

वोयकान एकोणिसाव्या वर्षी डॅन्यूबमध्ये बुडाला, त्याला नऊ वर्षं झाली. हातात मेणबत्ती नसताना गेला. आमच्यात याहून वाईट मरण नाही, कारण तसा माणूस तिकडे अंधारात राहतो म्हणतात. त्याच्या नावाची जेवणं झाली, सगळी, वेळच्या वेळी. नाच नाही झाला. त्राइलोने होऊ दिला नाही. लोकांच्या मेलेल्यांचे नाच मी तीस वर्षं बघतोय, म्हणाला, मला माहीत आहे तिथे काय असतं. घाम असतो आणि ट्रम्पेट असतं. माझ्या पोराच्या नावावर कुणी पाय आपटलेले मला बघवणार नाहीत. पर्सिदाने मात्र काळा रुमाल डोक्यावरून कधी काढला नाही.

साडेबाराला ती डबा घेऊन वर आली. दारातूनच तिला पडदा दिसला. तिने डबा खिडकीत ठेवला आणि हात ॲप्रनला पुसत राहिली, हात कोरडे असूनही.

"कधीपासून?" त्राइलोने विचारलं.

"चार वर्षं."

"सगळ्या नाचांत?"

"सगळ्यांत नाही. जागा दिसेल त्यात. कुणाला दिसत नाही रे, दोनच ठेवते मी."

"यंत्राला दिसला ना. आजपर्यंत कधी असं झालं नाही, आजच का?"

पर्सिदा खुर्चीच्या कडेवर बसली. "जुना फोटो धुरकट होता. डोळे नीट दिसत नव्हते त्याचे. फोटोच्या दुकानातल्या मुलीला म्हटलं, मोठा करून दे. किती मोठा म्हणाली, तर म्हटलं जेवढा होईल तेवढा."

त्राइलोने फोटोचं माप पाहिलं. देवळाची भिंत झाकेल एवढा तो फोटो होता. तो अंगठ्याएवढ्या जागेत बसवताना बिचाऱ्या यंत्राचा दम निघत होता आणि खालचं चित्र फुटत होतं. कुणाला दिसणारच नाही असा चेहरा, तोही हिला स्पष्ट हवा होता. त्राइलोला रागवायचं होतं. राग येईना.

"लहान करतो," तो म्हणाला. "एक मिनिटाचं काम आहे. राहू दे त्याला तिथेच. चौकोन जातील, कुणाला कळणारही नाही."

"मला कळतं ना." पर्सिदा पडद्याकडेच बघत होती. "चार वर्षं कळतंय. नाव दुसऱ्याचं घेतलेलं असतं, त्याला काही पोचत नाही. मी आपली ठेवते. घरात रिकामं ताट ठेवते तसं."

"मग?"

"मग काय? तिकडे ती बाई मोडलेला पाय घेऊन बसलीय. तिच्या पोराचा नाच आहे तो. सरक."

तिने माउस हातात घेतला. त्राइलोनेच शिकवलं होतं तिला, आधी निवडायचं, मग पुसायचं. तिने निवडलं. जरा वेळ थांबली. मग पुसलं, आणि नववा थर रिकामा झाला.

रेंडर अकरा मिनिटांनी बाहेर पडलं. दोघांनी शेजारी बसून पूर्ण बघितलं. चौथ्या मिनिटाला मिलुटिनचा चेहरा वहिनीच्या हातात शांतपणे वर-खाली होत गेला. साखळी सुटली, जागा रिकामी झाली, पुन्हा भरली. पावणेदोनला त्राइलोने चौकात जाऊन पेनड्राइव्ह मिओद्रागच्या हातात दिला आणि सांगितलं, खिशात ठेव, सामानात टाकू नको.

परत आला तेव्हा पर्सिदा डबा तसाच झाकून बसली होती.

"स्पासोव्दानच्या सणाला गावची जत्रा आहे," तो म्हणाला. "पहिले नाच मेलेल्यांचेच असतात. वाजंत्रीवाल्यांना सांगून येतो. नाव कुणी घ्यायचं? तू की मी?"

बराच वेळ तिने त्याच्याकडे बघितलं, खरंच बोलतोय का ते पारखत.

"तू घे," ती म्हणाली. "तू अडवला होतास."

स्पासोव्दानला त्राइलोने नाव घेतलं. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. वाजंत्रीवाल्याने कान पुढे केला तेव्हा दुसऱ्यांदा घेतलं, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं. मग फोटो पर्सिदाने घेतला, मेणबत्ती त्याने घेतली, आणि ट्रम्पेट सुरू झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याला नाचता येत नाही. तीस वर्षं त्याने हजारो पाय जवळून बघितले होते, कुठला पाय कधी उचलतात हे तो झोपेत सांगू शकला असता. पण स्वतःचे पाय काही ऐकेनात. उजवीकडे जायचं तेव्हा तो डावीकडे जाई, मागून येणाऱ्यांना धडके, गोंधळून खाली बघे, मेणबत्तीची ज्योत वाकडी होई. कुणी हसलं नाही. पाऊल बदलायची वेळ आली की पर्सिदा प्रत्येक वेळी त्याचा हात दाबायची, आणि तो आंधळ्यासारखा तिच्यामागे जायचा.

त्या दिवशी गावात कॅमेरा धरायला कुणी नव्हतं. वोयकानच्या नाचाची फिल्म कुणाकडेच नाही.