उकळलेली कवळी

डोरिस आँटीची कवळी मी उकळली. हो, मीच. आणि मुद्दाम.

आँटी म्हणजे माझ्या पपांची आत्या. गिरगावात आमच्या वाडीत कुणाचंही लग्न असो, आदल्या संध्याकाळी बँड घेऊन विहिरीवर जायचं, नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायचं आणि सगळ्यांच्या पुढे गाणार आँटी. घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाला बोलावणारं ते गाणं आता तिच्या एकटीलाच पूर्ण येतं.

पण हिरड्यांच्या दुखण्यानं एकेक करत तिचे सगळे दात गेले. शेवटचे सहा जानेवारीत काढले. जखमा भरल्यावर लालबागच्या डॉक्टर वैदेहींनी कवळी दिली आणि बजावलं, "पहिले काही आठवडे टोचेल, सुटेल. मऊ खा, मोठ्यानं वाचत जा. रात्री काढून साध्या गार पाण्यात ठेवा. काही वाटलं तर इथे या. घरी प्रयोग नकोत!"

आँटी रोज मोठ्यानं पेपर वाचायची. 'प्रदेशाध्यक्ष' आला की खालची कवळी उडी मारायची. आम्ही लोळून हसायचो, तीही हसायची. पेपर झाला की गाणं. ऐकून ऐकून मलाही अर्धं पाठ झालं.

मम्मीला मात्र हसू येत नव्हतं. या वेळी लग्न होतं माझ्या भावाचं, डॅरेनचं. "आँटी, व्हिडिओवाला येणार, नवरीकडचे बघणार. कवळी बसली तर गा. नाहीतर मोबाइलवर कुठलं तरी गाणं लावू."

"मोबाइलला माहीत आहे तुझ्या सासऱ्याचं नाव?" आँटी म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दुपारीसुद्धा खालची हलतच होती. मी शाळेच्या हॉकी टीममध्ये. तोंडात घालायचा आमचा गार्ड उकळत्या पाण्यात मऊ करायचा, मग चावायचा, की दातांवर फिट्ट बसतो. मग कवळी का नाही बसणार? आँटी झोपली होती. मी टोप गॅसवर चढवला.

बाहेर आली ती वाकडी. आँटीनं उठून तोंडात घातली, तर एका बाजूनं झोपाळ्यासारखी झुलायला लागली.

"ट्रिशा, काय केलंस?"

मी सगळं सांगितलं आणि भोकाड पसरलं.

आँटीनं कवळी काढून डबीत टाकली. "वैदेही मारणार. पहिली तुला. सोमवारी जाऊ. आता रडणं बंद, माझं लुगडं काढ."

मम्मी दारातच उभी. "अशा तोंडानं जाणार?"

"दुसरं कुठून आणू?"

मम्मीनं मोबाइल काढला. मी मध्ये पडले. "चूक माझी ना, मम्मी? मग शिक्षा तिला का? मी तिच्या बाजूला उभी राहणार. तिला जो शब्द जमणार नाही, तो मी म्हणेन."

विहिरीपाशी बँड थांबला. आँटीचे ओठ आत गेलेले, गाल खपाटीला. ती गायला लागली. शब्दांतून हवा निसटत होती, पण आवाज तोच, खणखणीत. ती एक नाव घ्यायची, मी मागून स्पष्ट म्हणायचे. व्हिडिओवाला कॅमेरा बाजूला फिरवायला लागला, तसं आँटीनं त्याला हातानं पुढे बोलावलं.

मग माझ्या आजोबांचं नाव आलं. निकोलस. आपल्या भावाचं नाव आँटीला पुरं गाता येईना. मलाही. तेवढ्यात मागून मम्मीनं ते नाव म्हटलं. मोबाइल पर्समध्ये, हात जोडलेले.

आता आँटी मम्मीला मिठी मारेल असं मला वाटलं. छे! ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ गेली, बोळकं होतं तेवढं उघडलं आणि तिथल्या तिथे जोडून गायली:

"नातीनं शिजवली कवळी गो,
सूनबाई पडली पिवळी गो!"

बँडवाल्यानं ताबडतोब ढोल उचलला. ती ओळ आम्ही सात वेळा म्हटली.