दार न वाजवता

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे या, जागा आहे. आज सांगायची गोष्ट केकच्या तुकड्याची आहे, पण गोड नाही, हे आधीच कानावर घालते. तरी शेवटपर्यंत ऐका. शेवटी मला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोघीजणी राहायच्या, सासू आणि सून. दोघींना बांधणारा जो होता, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, तो आदल्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात गेला. देवाने नेला, असं सासू म्हणायची. सून काहीच म्हणायची नाही. मागे राहिला त्याने हौसेने आणलेला ओव्हन. स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलावर तो बसवला होता, आणि दार लावताना त्याला गुडघा टेकवावा लागायचा.

सुनेच्या हाताला चव होती. तिने ठरवलं, घरीच केक-बिस्किटं करून विकायची. पण विकत घेणाऱ्याने आधी चाखायला तर हवं! म्हणून ती पहाटे उठून भाजायची, गाजराच्या केकचे दोन-दोन तुकडे कागदी पिशवीत घालायची, पिशवीवर आपला फोन नंबर लिहायची आणि इमारतीतल्या प्रत्येक दाराच्या कडीला एकेक पिशवी टांगून यायची. दार मात्र वाजवायची नाही.

"अगं, वाजव की," सासू म्हणायची. "तोंड तरी दिसेल तुझं लोकांना."

"नको, आई. फुकट देणारं माणूस दारात उभं राहिलं की घेणाऱ्याला छान म्हणावंच लागतं. मला तसलं छान नको. आवडलं तर फोन करतील."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर नाही करणार."

"धंदा करायचाय का मौन पाळायचंय तुला?"

सून हसायची आणि चपला दाराशी काढून अनवाणी जिना चढायची. पहाटे चपलांच्या आवाजाने कुणाची झोप मोडू नये, एवढंच तिच्या मनात असायचं.

पिशव्या रिकाम्या व्हायच्या. फोन मात्र मुका. तिसऱ्या मजल्यावरची नर्सबाई जिन्यात भेटली की म्हणायची, "छान होता हं, पण आमच्याकडे गोड कोणी खात नाही." मागे तिची दोन पोरं उभी असायची, ओठांना चुरा लागलेला.

एकदा सुनेचा भाऊ येऊन गेला. सासू आतल्या खोलीत पडली होती, त्याला वाटलं झोपली आहे. "ताई, अजून थोडे दिवस बघ," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर विकून टाक तो ओव्हन आणि चल घरी. इथे आता तुझं आहे कोण?"

सुनेने चहाचे कप उचलले. म्हातारीने डोळे मिटूनच ते ऐकलं. सून गेली तर या भिंतींत ती एकटी. तिला दुसरं मूल नव्हतं, भाऊबंद नव्हते. त्या दिवसापासून तिचं सगळं देवाशी बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबायचं. बाबा रे, हिचा केक खपू दे.

आता चौथ्या मजल्यावर चढू. तिथे भट्टीकाका राहायचे. एकेकाळी त्यांची मोठी बेकरी होती, अख्खा परिसर त्यांच्या भट्टीचा पाव खायचा. बेकरी गेली, बायको गेली, पायातली ताकद गेली. शिल्लक राहिली ती जीभ, चवीचीही आणि बोलायचीही. कोपऱ्यावरच्या ऑफिसचं कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं, "भट्टीकाका चांगलं म्हणाले की मी रोजची ऑर्डर देते. त्यांची जीभ कुणाची भीड ठेवत नाही."

काका खायचे, रिकाम्या पिशवीची पोस्टकार्डासारखी चापून घडी घालायचे आणि ती परत कडीला अडकवायचे. जिन्यात गाठ पडली की निकाल.

"बिस्किट चावायला दात उसने आणू का?"

"काका, केक कसा होता?"

"घाईत भाजलास. केकला कळतं, बाई घाईत आहे ते."

शेवटच्या वेळी मात्र ते जरा थांबले. काठीवर रेलून म्हणाले, "हं. कालच्यात काहीतरी होतं. उद्या परत ठेव. मग सांगतो."

सून घरी आली ती जवळजवळ नाचतच. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्यासाठी केकच्या मधल्या भागातले दोन तुकडे वेगळे काढले आणि टांगून आली. संध्याकाळी वर गेली, तर पिशवी भरलेलीच. हातसुद्धा लागला नव्हता. पिशवी कडीला तशीच ठेवून ती खाली आली.

"वास घेऊनच नाक मुरडलं असेल," ती म्हणाली. मग ओव्हन पुसता पुसता, पाठ फिरवूनच, "आई, याला गिऱ्हाईक मिळेल ना हो? ओव्हनला?"

सासूने ताट बाजूला सारलं.

सकाळी सून आंघोळीला गेली तशी सासू गुडघ्यावर हात टेकत चौथ्या मजल्यावर गेली. कडीची पिशवी काढली. आता त्या तुकड्यांचं करायचं काय? अन्न फेकून देणं तिला जन्मात जमलं नव्हतं. ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली, आणि डॉक्टरांनी साखरेचा कणही वर्ज्य सांगितलेल्या त्या बाईने, देवाची क्षमा मागत, दोन्ही तुकडे खाल्ले. रिकामी पिशवी घडी करून कडीला लावली. पोरीचं मन राहावं, इतकंच. मनात आलं, म्हातारा आज ना उद्या खाईलच, तोवर ही खचायला नको.

थोड्या वेळाने सून नवी पिशवी घेऊन वर गेली आणि धावतच परत आली. "आई, खाल्ला! उशिरा का होईना, खाल्ला काकांनी."

"मग? मी म्हणत नव्हते?" सासू म्हणाली आणि तोंडातला गोडवा लपवायला पाणी प्यायली.

आता ऐका, इथे जरा कान द्या. पुढच्या सकाळी म्हातारी परत वर गेली. नवी पिशवीही तशीच भरलेली. तिने ती काढली आणि तेवढ्यात आतून आवाज आला. टक-टक. थोडं थांबून पुन्हा टक-टक. आवाज दाराच्या वरून नव्हता, खालून होता, अगदी जमिनीजवळून.

तिला वाटलं, पकडली गेले. काका आत काठी आपटतायत, आता दार उघडून सगळी इमारत गोळा करतील, सुनेच्या कानावर जाईल. तिने पदराने पिशवी झाकली आणि होती नव्हती ती ताकद लावून ती जिना उतरली. तुकडे मधल्या वळणावर कसेबसे गिळले. रिकामी पिशवी लावायला मात्र तिला पुन्हा वर जावं लागलं. तेव्हा आत काही वाजत नव्हतं. तिला हायसं वाटलं.

त्या दिवशी सुनेने नवी पिशवी टांगली नाही, रिकामी पिशवी तेवढी बघून आली आणि दुपारी कॅन्टीनवाल्या बाईंकडे गेली. "दोन दिवस झाले, सगळं संपवतायत काका. चुराही ठेवत नाहीत."

"टीका नाही केली?"

"अजून भेटलेच नाहीत. पण पिशव्या रिकाम्या आहेत."

"त्यांनी पिशवी रिकामी केली म्हणजे मोठं सर्टिफिकेट झालं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून पाठव."

घरी आल्यावर सुनेने सासूला मिठी मारली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. म्हातारीने मनातल्या मनात हात जोडले. तिला वाटलं, ऐकलं देवाने.

दुसऱ्या सकाळी ऑर्डरचे केक भाजून झाले. सून म्हणाली, "पहिला तुकडा काकांना. आणि आज मी दार वाजवणार. आभार तरी मानायला हवेत."

"राहू दे," सासू पटकन म्हणाली. "झोपले असतील."

"आता? उन्हं वर आली, आई."

ती चपला घालून, पावलं वाजवत गेली. दार वाजवलं. हाक मारली. उत्तर नाही. मग तिचं लक्ष कडीच्या पिशवीकडे गेलं. काकांची घडी पोस्टकार्डासारखी असायची. ही पिशवी मात्र औषधाच्या पुडीसारखी, टोकं आत खोचून दुमडलेली होती. तशी पुडी ती रोज बघायची, स्वतःच्याच घरात, सासूच्या उशाशी.

तिने जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून नर्सबाईंना हाक मारली. रखवालदार पहार घेऊन आला. कोयंडा तुटला तरी दार वीतभरच उघडलं, कारण दाराला लागूनच काका पडले होते. पलंगापासून दारापर्यंत चादर फरपटत आली होती. वाटेत तांब्या कलंडलेला, पाणी केव्हाच वाळून गेलेलं. उजव्या हाताची बोटं दाराच्या फळीला टेकलेली, सांध्यांवरचं कातडं सोललेलं.

श्वास चालू होता. ओठांना भेगा पडल्या होत्या. नर्सबाईने नाडी धरली आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "कालपर्यंत शुद्धीवर असणार. दार गाठलंय त्यांनी."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे, आणि वर इतके दिवस पाण्याविना काढलेले. लवकर आणलं असतं तर, एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

काकांचं कोणी नव्हतं म्हणून खाटेशी या दोघीच बसल्या. दुपार कलली. काकांचे डोळे मिटलेलेच होते. एकदा हात जरासा हलला आणि बोटाचा सांधा खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटला. टक-टक. थोडं थांबून पुन्हा टक-टक.

म्हातारी उठून उभी राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"आई, काय झालं?"

"हे मी ऐकलं होतं गं," ती म्हणाली. "काल. दाराशी. मला वाटलं, ओरडतायत माझ्यावर." आणि मग तिने सगळं सांगितलं. पिशव्या, पायरी, तुकडे, पुडी. भावाचं बोलणं ऐकलं होतं तेही. "तू जाशील म्हणून भ्याले," ती म्हणाली. "माझ्या हाताला धरून देवाने दारापाशी नेलं, आणि मी पिशवी घेऊन पळाले."

सून हळूच म्हणाली, "मी पण गेले होते त्या दाराशी, आई. दोन्ही दिवस. चपला काढून."

दिवे लागायच्या सुमारास काका गेले. उद्या सांगतो म्हणालेला निकाल त्यांच्याबरोबर गेला.

सून कॅन्टीनवाल्या बाईंकडे गेली आणि खरं ते सांगून टाकलं. काकांनी तो केक चाखलाच नव्हता, ऑर्डर परत घ्या. बाईंनी मान हलवली. "वाईट झालं म्हाताऱ्याचं," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी पोरगा पाठवून आणवलेला केक ऑफिसातल्या लोकांना आवडला ना, मग झालं. उद्या दोन जास्त पाठव."

धंदा लागला. सून राहिली. म्हातारीने देवाकडे मागितलेलं सगळं मिळालं, आणि त्यातलं काहीही तिला गिळवेना. गोडाचा तर वासही तिला सहन होत नाही. ओव्हन तापला की ती गॅलरीत जाऊन उभी राहते.

नमुने अजून वाटले जातात, नवीन काही भाजलं की. पण आता कडीला काही टांगायचं नाही, हातातच द्यायचं. हे काम म्हातारीने मागून घेतलं आहे. ती एकेक दार वाजवते, आणि आतून कुणी येईपर्यंत वाजवतच राहते.

"अहो आजी, किती वाजवता!" लोक वैतागतात. "आम्ही काय बहिरे आहोत?"

"उघडलंत ना," ती म्हणते. "बरं झालं." पिशवी हातात ठेवते, त्या माणसाचं तोंड एकदा नीट बघून घेते आणि पुढच्या दाराकडे वळते.

मंडळी, भट्टीकाकांसाठी देवापुढे हात जोडाल, ते मी न सांगता जोडाल. माझं मागणं दुसरं आहे. हात जोडले असतील तेव्हा त्या म्हातारीचीही आठवण काढा. सगळ्या इमारतीत त्या दाराची टकटक तिनेच ऐकली होती, आणि अजूनही ती तिला ऐकू येते.