घसरणीवरचा दसरा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या काळात सायकलीला गिअर नसायचे आणि त्याची कुणाला खंतही नसायची. मला सळईचे ब्रेक आहेत, मागे कॅरिअर आहे आणि सीटच्या स्प्रिंगा आता प्रत्येक खड्ड्याला कण्हतात. मी फार दमले आहे. तरी विचारलंत म्हणून सांगते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. जन्माच्या वेळचं तुम्हालाही आठवत नसेल, त्यामुळे आपण ते सोडून देऊ. आठवतं ते जिंतूरचं दुकान. तिथून काशीनाथ गुरुजींनी मला घेतलं आणि येलदरीच्या बाजूला, टेकडीवरच्या आपल्या गावी आणलं. त्यांची शाळा टेकडीखालच्या गावात होती. दोन गावांच्या मध्ये जो उतार आहे, त्याला आमच्याकडे घसरण म्हणतात. वरून लांबच लांब सरळ येतो आणि तळाला एकदम डावीकडे वळतो. गुरुजी अख्खी नोकरी त्या उतारावरून माझं हँडल धरून पायी उतरले. लोक विचारायचे, "गुरुजी, मंग सायकल घेतली कशाला?"

"सपाटीसाठी," गुरुजी म्हणायचे.

त्यांना दोन मुलगे होते. थोरला बन्सीधर, धाकटा योगीराज. गुरुजी दुपारी झोपले की दोघे मला हळूच बाहेर काढायचे. बन्सीधर सीटवर, योगीराज कॅरिअरवर. घसरणीच्या माथ्यावर बन्सीधर पायडलवर उभा राहायचा आणि मला सोडून द्यायचा. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. सपाटीवर मी ओझं वाहणारं लोखंड होते. उतारावर मात्र साखळी गप्प व्हायची, चाकांचा नुसता सूं असा आवाज उरायचा, दोघांच्या सदऱ्यांत वारं भरायचं आणि रस्त्याकडेची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळून जायची. मागून योगीराज ओरडायचा, "दादा, दाब! दादा, दाब की!" बन्सीधर ब्रेक दाबायचा तो थेट वळणावर. योगीराजला मागे बसून डोळे मिटणं आणि चपला घासणं, एवढंच हातात होतं. त्याच्या चपला फार लवकर झिजायच्या. घरात त्याचं कारण कुणाला कळलं नाही.

पुढे दोघे मोठे झाले, लग्नं झाली, गुरुजी गेले आणि वाटणी झाली. शेत, विहिरीच्या पाळ्या, भांडीकुंडी, सगळं शहाण्यासारखं वाटलं गेलं. वरचं घर योगीराजला, खालचं शेत आणि तिथलं घर बन्सीधरला. शेवटी उरले मी. माझे दोन तुकडे होणार नव्हते. तेव्हा बन्सीधर चार लोकांत म्हणाला, "सायकल योग्याला द्या. चालवंल न चालवंल. त्याला मागं बसायचीच सवय हाय."

लोक हसले. बन्सीधरही हसला. योगीराजने मला धरून बाहेर आणलं, आणि त्या दिवसापासून तो थोरल्या भावाशी बोलला नाही. एवढ्या वर्षांत किती पंच येऊन बसले, किती चहा झाले. मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझ्यावर बसायला कुणी नव्हतं, पण माझ्यावरून भांडण चालू होतं. यालाच बहुधा घरातलं महत्त्वाचं माणूस असणं म्हणत असावेत.

तरी दर दसऱ्याला योगीराज आपट्याची पानं खिशात घालून मला बाहेर काढायचा. थोरल्याला सोनं द्यायला खाली जायचं म्हणून निघायचा. घसरणीच्या मध्यावर मैलाचा दगड आहे. तिथे आला की ब्रेक दाबायचा, एक पाय टेकवून उभा राहायचा, खालच्या घराच्या पत्र्यांकडे बघायचा आणि मला वळवून पायी वर घेऊन यायचा. घरी आल्यावर बायकोला, प्रभावतीला सांगायचा, "दादा घरी न्हवते."

"दसऱ्याच्या दिवशी दरसाल गावाला जातेत व्हय?" एवढंच विचारून प्रभावती पोळ्या लाटायला लागायची.

यंदा मात्र बातमी आली. दिवाळी झाली की बन्सीधर आणि त्याची बायको बायनाबाई लेकाकडे, सारंगकडे, पुण्याला कायमचे जाणार. शेत बटाईने दिलं होतं. प्रभावती म्हणाली, "यंदा भेटायचं तर भेटा. पुढच्या साली कुलपाला सोनं द्यावं लागंल."

दसऱ्याच्या सकाळी योगीराजने मला अंगणात घेतलं. मित्रांनो, वर्षातून एक दिवस आमच्यासारख्यांना देव करतात. शॅम्पूची पुडी फोडून धुतलं, हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली. इथवर ठीक होतं. मग त्याने वाटीत करडईचं तेल घेतलं. साखळीला लावलं, ॲक्सलला लावलं. तेल उरलं. उरलेलं तेल टाकून देणं आमच्याकडे सगळ्यांच्याच जिवावर येतं. त्याने ते दोन्ही रिमांना चोळलं. ब्रेकचे रबर कोरडे पडलेले दिसले, त्यांनाही मायेने चार थेंब लावले.

"लय चकाकायली," प्रभावती म्हणाली.

वर्षभर मला कुणी पुसत नाही त्याची तक्रार मी कधी केली नाही. धूळ बसलेल्या सायकलीने आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही.

संध्याकाळी निघालो. माथ्यापासून मैलाच्या दगडापर्यंत सगळं नेहमीसारखं. तिथे त्याने नेहमीसारखा ब्रेक दाबला. पुढारी प्रश्नावरून सरकतो तसं रबर रिमेवरून सरकलं. त्याने पुन्हा दाबला, दोन्ही दाबले. मैलाचा दगड मागे गेला. वाटणीनंतर इतक्या वर्षांत त्याच्या पलीकडे आम्ही पहिल्यांदाच गेलो.

पुढे रस्त्यात धुरपताबाईच्या शेळ्या होत्या. "मावशी, सरका! ब्रेक लागंना!"

"सरकू कुठं? तूच सरक की!" म्हणत धुरपताबाईने शेळ्या नालीत लोटल्या. त्याने पाय घासायला टाकले, तर एक चप्पल मागेच राहिली. मग साखळी गप्प झाली. सूं आवाज सुरू झाला. माझे सगळे नट थरथरत होते, मडगार्ड वाजत होतं आणि माळेतली फुलं एकेक सुटून त्याच्या तोंडावर येत होती. मला पूर्वीसारखाच आनंद होत होता, हे सांगायला लाज वाटते. योगीराजचं तोंड पांढरं पडलं होतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस तो.

वळण आलं. त्या वेगात वळणं शक्य नव्हतं. समोर बन्सीधरचं खळं, खळ्यात सोयाबीनची गंजी, आणि गंजीच्या अगदी पुढे पाठमोरा वाकलेला बन्सीधर. मळणीयंत्राला माळ बांधत होता. कानाने थोडा कमी झालेला.

मला वाटलं, आता एक तरी जातो.

"दादा!" योगीराज ओरडला. "दादा, सरका!"

इतक्या वर्षांत न निघालेला शब्द एवढ्या जोरात निघाला की कमी ऐकणाऱ्यालाही ऐकू गेला. बन्सीधर बाजूला उडाला आणि आम्ही गंजीत घुसलो. माझ्या पुढच्या चाकाचा आठाचा आकडा झाला. योगीराज सोयाबीनमधून बाहेर आला तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापासून भलतीकडे वळला होता.

बन्सीधर त्याच्याकडे बघत उभा राहिला. योगीराजने डावा हात खिशात घातला, चुरगळलेली पानं काढली आणि पुढे केली.

"डाव्या हातानं सोनं द्यायलास?" बन्सीधर म्हणाला.

"उजवा मोडलाय, दादा."

बन्सीधरने पानं घेतली. मग खालीच बसला. "योग्या, ब्रेक दाबायचा असतोय रे," म्हणाला, आणि पानं धरलेल्या हातानेच डोळे पुसायला लागला. आतून बायनाबाई धावत आली, "आधी दवाखान्यात चला, मंग रडा दोघं." जीप बोलावून त्यांना जिंतूरला नेलं. मला उचलायचं कुणाला सुचलं नाही. रात्रभर मी सोयाबीनमध्ये पडून होते. फार दिवसांनी मऊ जागा मिळाली.

दिवाळीनंतर बन्सीधर ठरल्याप्रमाणे पुण्याला गेला. सलोखा झाला म्हणून कुणी तिकीट रद्द करत नाही. पण शेजाऱ्याला द्यायची ठरलेली घराची किल्ली तो योगीराजकडे देऊन गेला. माझी दुरुस्ती परवडणार नाही असं मिस्त्रीने सांगितलं, म्हणून मी इथेच खालच्या पडवीत उभी असते. योगीराज बाजाराच्या दिवशी पायी येतो, कुलूप काढतो, झाडून घेतो आणि पुण्याला फोन लावतो.

मित्रांनो, सायकलीला जपा. तेल साखळीला लावा, रिम आणि ब्रेक कोरडे ठेवा. उतारावर वेग फार गोड लागतो, पण त्याच्या तळाला प्रत्येक वेळी सोयाबीन नसतं. दगडी भिंत असती तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती. आणि कुणाकडे जायचं मनात असेल, तर ब्रेक चांगले आहेत तोवरच जा.